दवा नाही, खुराक

मूर्तिजापूरच्या तालमीत एक गोष्ट पक्की होती. पैलवान दवा खात नाही. ताप आला तर लंघन, पाय मुरगळला तर हळद. दवा खाणारा म्हणजे आतून पोकळ, मग बाहेरून कितीही गुबगुबीत असो. देवमन तर हे सगळ्यांत ठासून सांगायचा. वय एकोणतीस, रेल्वेत गँगमनची नोकरी. रुळावरचं काम सुटलं की तो थेट तालमीत जायचा.

त्याची बायको पंचफुला रोज सकाळी त्याचा खुराक मांडायची. शेरभर दूध, सोललेले बदाम, भिजवलेले हरभरे, चार अंडी. गेल्या दीड वर्षापासून त्यात दोन गुलाबी गोळ्या आल्या होत्या. अकोल्याच्या कुस्त्यांच्या दंगलीत मुंबईकडच्या एका पिळदार माणसानं त्या दिल्या होत्या. "विलायती खुराक हाय. शंभर बदामाचा जोर एका गोळीत," असं तो म्हणाला होता. पुढेही त्याच्याचकडून शिश्या येत राहिल्या. देवमनची मान बैलासारखी झाली, दंड सदऱ्यात मावेनात. पाठीवर पुळ्या उठल्या, डोकं ठणकायचं, साध्या बोलण्यावरून राग यायचा. जोर वाढला की राग वाढणारच, अशी पंचफुला स्वतःची समजूत घालायची आणि गोळ्या आपल्या हातानं ताटलीत ठेवायची.

चौसष्ट सालच्या थंडीत एका सकाळी देवमनच्या हातातून दुधाचा पेला पडला.

"अवो, शेरभर दूध सांडलं ना," पंचफुला म्हणाली आणि तिनं वर पाहिलं. त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात दोरीसारखा लोंबत होता. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता.

तालमीचे वस्ताद शेषराव धावत आले. "वारं गेलं अंगावरून. घामेजला उघड्यावर झोपला असन. रानकबुतराचं रक्त चोळा, उतरते."

"कबुतर मंग पाहू, वस्ताद. आधी गाडी पाहा," पंचफुला म्हणाली.

देवमनचा धाकटा भाऊ धर्मपाल हाही पैलवान. त्यानं दादाला पाठीवर घेतलं, रेल्वेत बडनेऱ्यापर्यंत मांडीवर धरून बसला आणि दुपारच्या आत अमरावतीच्या दवाखान्यात पोचवलं.

डॉक्टर म्हातारे होते, शांत होते. त्यांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, रक्त तपासलं. "रक्त नको तेवढं दाट आहे. एवढ्या लहान वयात असं का व्हावं? काही औषध घेत होते?"

"पैलवान दवा खात नाही जी," धर्मपाल म्हणाला. पंचफुलानंही मान हलवली. दोघंही खोटं बोलत नव्हती.

चौथ्या दिवशी देवमन पातळ पेज गिळू लागला. पंचफुलाला जरा धीर आला. तिनं डॉक्टरांना विचारलं, "डॉक्टरसाहेब, यांचा खुराक कधी चालू करू? दूध, बदाम, हरभरे, अंडी, अन् त्या दोन गोळ्या."

डॉक्टरांचा लिहिता हात थांबला. "कसल्या गोळ्या?"

"ते दवा नाही जी. खुराक हाय."

धर्मपालच्या खिशातून शिशी निघाली. डॉक्टरांनी चष्मा वर करून लहान अक्षरं वाचली.

"बाई, ही दवाच आहे. खंगलेल्या रोग्याला मोजून द्यायची. धडधाकट माणसानं रोज खाल्ली, तर अंगात पाणी साठतं, रक्तदाब चढतो, रक्त दाट होऊन गुठळी धरते. यांच्या मेंदूत तशीच गुठळी अडकली असावी. गोळीनंच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही, अजून पुरतं कोणालाच माहीत नाही. पण माझा भाऊ असता तर ही शिशी मी आजच फोडली असती." मग त्यांनी विचारलं, "ती याच्या खिशात कशी?"

धर्मपालनं शिशी उचलून परत खिशात घातली. पंचफुलाला कळून चुकलं. एक भाऊ पडला होता, दुसरा त्याच वाटेवर होता.

घरी आल्यावर तिनं धर्मपालला परोपरीनं समजावलं. "वैनी, डॉक्टरच मनते का पक्कं माहीत नाही. उन्हाळ्यात अकोल्याची कुस्ती हाय. तवरक खाऊ दे," हेच त्याचं उत्तर. तिनं शिशी उकिरड्यावर फेकली, तर त्यानं दुसरी आणली.

इकडे तिची वेगळी शाळा सुरू होती. वस्तीतल्या बुद्धविहारात बायकांचा वर्ग भरायचा, तिथं ती तीन वर्षांपूर्वी अक्षरं शिकली होती. आता पाटी घेऊन ती वाचा गेलेल्या देवमनला बोलायला शिकवायला बसायची. पाणी. दूध. भाकर. दवा. एकेका शब्दाला आठ आठ दिवस लागायचे. चुकला की ती पाटी पुसायची आणि पुन्हा लिहायची. घाई तिनं कधी केली नाही. शेषराव रोज सकाळी येऊन त्याच्या हाताला तेल चोळायचे.

अशाच एका सकाळी धर्मपाल दुधाचा पेला घेऊन ओसरीवर बसला. तळहातावर दोन गुलाबी गोळ्या होत्या. देवमन टक लावून पाहत होता. त्यानं डावा हात लांबवून भावाचं मनगट धरलं.

"द... दवा," तो म्हणाला.

"काय म्हणते दादा?"

"दवा. तू... दवा... खाते."

शेषरावांचा तेलाचा हात थांबला. "काय रे धर्मपाल? तालमीत दंड ठोकते, अन् घरी दवा खाते?"

"खुराक हाय वस्ताद."

"मले नको सांगू. तुह्या भावाले सांग."

धर्मपालनं मूठ मिटली. डॉक्टरांचं बोलणं त्यानं कानाआड टाकलं होतं, वैनीचं रडणंही टाकलं होतं. पण अडीच महिन्यांनी दादाच्या तोंडून निघालेला हा शब्द त्याला कुठं टाकता येईना. त्यानं मूठ उघडली. गोळ्या घामानं ओल्या होऊन तळहाताला गुलाबी डाग पडला होता. तो मोरीवर गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

त्याच आठवड्यात पंचफुला त्याला अमरावतीला घेऊन गेली. रक्तदाब चढलेलाच निघाला. तीन महिन्यांत तो उतरला, तसं वजनही उतरलं. तालमीतले चिडवायचे, "धर्मपाल, आधी डॉक्टरीणबाईले पुस, मंग बदाम खाय." वैनीचं ते नाव पुढं कायमचं पडलं.

अकोल्याची ती कुस्ती त्यानं सोडली. पुढच्या वर्षी लढला. आखाड्यात उतरण्याआधी तो कडेला बसलेल्या दादापुढं वाकला. देवमननं काठी पंचफुलाच्या हाती दिली आणि उजव्या हातानं माती उचलली. बोटं थरथरत होती, अर्धी माती वाटेतच सांडली.

उरलेली त्यानं भावाच्या खांद्यावर घातली.

"जाय," तो म्हणाला. शब्द स्वच्छ उमटला.