थोरल्याच्या कार्डावरचा शिक्का

चौकातल्या फलकावर धाकटा भाऊ दोन्ही हातांत ग्लोव्ह्ज चढवून उभा होता, आणि ते ग्लोव्ह्ज थोरल्याचे होते. निवडणूक आली की हा तरुणपणीचा फोटो हमखास लागायचा. खाली मोठ्या अक्षरांत 'लढवय्या'. थोरल्याचं किल्ल्या बनवायचं दुकान नेमकं त्याच्या समोर. दिवसभर कानस चालवायची आणि मान वर केली की भाऊ. लोक म्हणायचे, काय नशीब आहे तुमचं, साहेबांचे सख्खे भाऊ. थोरल्याच्या मात्र पोटात दुखायचं, आणि निदान स्वतःपाशी तरी तो ते कबूल करायचा.

कारण दोघांत खरा बॉक्सर तोच. धाकटा मार खाऊन उतरायचा आणि वर लोकांना हात हलवून दाखवायचा. लोकांना हात हलवणाराच लक्षात राहिला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

मंगळवारी सकाळी भावजयीचा फोन आला. "दादा, दवाखान्यात येता का जरा? डॉक्टरीणबाई ह्यांना जुन्या लढतींचं विचारतायत, ह्यांना धड सांगता येत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "परवा भाषणात एकच वाक्य तीनदा म्हणाले. पक्षाने तिकिटाआधी डॉक्टरांचा दाखला मागितलाय."

थोरल्याने शटर ओढलं, घरी जाऊन ट्रंकेच्या तळाचं आपलं खेळाडूचं कार्ड काढलं आणि खिशात घातलं. सुंठीवाचून खोकला जाणार होता. असं मनात आल्याची त्याला लाज वाटली, पण कार्ड काही त्याने परत ठेवलं नाही.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर धाकट्याचं कार्ड उघडं पडलं होतं. "एकदाच बेशुद्ध पडल्याचा शिक्का आहे," त्या म्हणाल्या. "एवढंच असेल तर दाखला द्यायला हरकत नाही. आणखी कधी?"

"नाही," शेजारी बसलेला धाकटा म्हणाला. "एकदाच ना रे, दादा?"

तिघांनीही थोरल्याकडे पाहिलं. भाऊ खोलीत असताना लोकांनी आपल्याकडे बघावं, हे कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. नुसती मान हलवली असती तर भावाचं तिकीट पक्कं होतं.

"डॉक्टर, हा माझ्यापेक्षा भारी होता," धाकटा कौतुकाने सांगू लागला. "याचा डावा ठोसा कुणाला दिसायचा नाही. तू मध्येच का सोडलंस रे?"

बत्तीस वर्षं थोरला या प्रश्नाची वाट बघत होता. त्याने कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"तुझ्यामुळे."

मग तो थांबला नाही. "बाई, गडी बेशुद्ध पडला की कार्डावर शिक्का बसायचा आणि महिनाभर रिंगण बंद. याची पुढची लढत अठराव्या दिवशी होती. माझ्या पाया पडला, म्हणाला, तुझं कार्ड दे. आमची नाकं सारखी, कार्डावरचा फोटो पुसट. दिलं मी. तिथे हा माझ्या नावाने उतरला आणि परत आडवा झाला. दहा मिनिटं शुद्ध नव्हती. शिक्का बसला माझ्या कार्डावर. पुढच्या रविवारी माझी संघात निवड व्हायची होती. मी घरी बसलो तो कायमचा."

बोलताना त्याला बरं वाटत होतं, अगदी खरं सांगायचं तर मजा येत होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पहिला मार भरून यायच्या आत दुसरा?" त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून तारखा पाहिल्या. "दाखला मी देणार नाही. आधी सगळ्या तपासण्या, आजच. हे सांगितलंत ते फार बरं केलंत."

भावजयीने तोंडावर हात घेतला. थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. तो चिडेल, नाकारेल, निदान ओशाळेल तरी. धाकटा कार्डावरचा फोटो निरखत होता. "हे तुझं होय? केवढा बारीक होतास रे."

त्याला काहीच आठवत नव्हतं. इतकी वर्षं थोरला ज्याच्याशी मनातल्या मनात भांडत होता, त्याला भांडण माहीतच नव्हतं. सालं, विसरायचं सुखसुद्धा यालाच मिळालं, असं थोरल्याला वाटलं.

बाई तपासणीची व्यवस्था बघायला गेल्या, भावजय कागद घेऊन त्यांच्या मागे. बाहेरच्या बाकावर दोघे भाऊच उरले. धाकटा मोठ्या मायेने थोरल्याकडे वळला.

"दादा, तुझा डावा ठोसा काय होता रे. तू बॉक्सिंग का सोडलंस?"

थोरल्याने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. प्रश्न पहिल्यांदाच विचारावा तसा विचारला होता.

"कंटाळा आला होता," थोरला म्हणाला आणि त्याने भावाच्या कोपराला धरलं. "चल, ऊठ. आत बोलावतायत."