शिवदासच्या गळ्यातले बास क्लॅरिनेट

मी एक जुने बास क्लॅरिनेट आहे, फुंकून वाजवायचे खर्जातले वाद्य. मित्रांनो, तुम्ही माझ्याकडे एवढ्या प्रेमाने पाहता आहात, म्हणजे तुम्हाला माझ्याकडून काहीतरी हवे असणार. माझा स्वभावच संशयी आहे. विलायतेत काळ्या लाकडाला पितळी चाव्या बसवून मला घडवले. मुंबईच्या एका पलटणीने मला जुने म्हणून विकले आणि १९२९ साली मी रेवदंड्याच्या बँडात आले.

बँडमास्तर विश्वंभरपंतांनी मला शिवदास कोळ्याच्या हाती दिले. बारा वर्षे तो छोटे क्लॅरिनेट वाजवत होता. आपण वाजवतो ती मुख्य चाल मास्तरांना दुसऱ्या कोणाला द्यायची आहे, म्हणूनच हे खर्जाचे धूड आपल्या गळ्यात मारले, असे त्याने मनाशी धरले. मला वाटले, हा मुद्दाम वाईट वाजवून माझा काटा काढणार. छोट्या वाद्याच्या सवयीने त्याने माझी चोच, म्हणजे फुंकायचे टोक, दातांत घट्ट धरली. मी किंचाळले. तो आणखी चावला.

"शिवदास," मास्तर म्हणाले, "शिमग्याच्या मिरवणुकीत हे असंच ओरडलं तर हे भंगारात जाईल, आणि तू बँडातून."

मी जड, म्हणून त्याने होडीवरच्या काथ्याच्या दोरीने मला गळ्यात अडकवले होते. खाऱ्या पाण्यातही न कुजणाऱ्या काथ्यावर कोळी कशाला शंका घेईल? आम्ही एकमेकांवरच घेत राहिलो.

त्याची बायको जनी अंगणात बोंबील वाळत घालता घालता सगळे पाहत होती.

"अवो, सकाली ही दोरी छातीपर्यंत व्हती, आता पोटावर आली," ती म्हणाली. "वाद्याचा दोष न्हाय. काथ्या ताणलाय, न् तुमची मान त्याच्यामागं खाली चाललीय."

तिने शिडाच्या कापडाचा रुंद पट्टा शिवून दिला. शिवदास ताठ उभा राहिला, मला ओठांपर्यंत वर घेतले, जबडा सैल सोडला आणि पोटातून फुंकले. माझा सर्वांत खालचा सूर निघाला, तेव्हा मलाच भरून आले.

शिमग्यात आम्ही दोघेही टिकलो. मिरवणूक संपल्यावर स्वतःचा घाम पुसण्याआधी त्याने मला आतून कोरडे केले. विकायला काढतोय, मी म्हटले. तो आठ वर्षे पुसत राहिला आणि आठ वर्षे मी गिऱ्हाइकाची वाट पाहिली. त्या संशयाची मला आजही लाज वाटते.

मित्रांनो, मला हाती घ्याल तर मान माझ्याकडे वाकवू नका, मला तुमच्याकडे वर घ्या. ओरडले तर रागावण्याआधी पट्टा पाहा. आणि वाजवून झाल्यावर मला आतून पुसा. मी संशय घेईन, तरीही पुसा.