तिसऱ्या ओळीचा खर्ज

मेलेआनेने पेन ड्राइव्ह तिसऱ्यांदा उलटा करून खोचला, तेव्हा कुठे तो बसला.

“झालं. आता मामा, मध्ये बोलायचं नाही.”

“मी कुठे बोलतोय?” असं म्हणत सेमिसीने खुर्ची आणखी पुढे ओढली.

चर्चच्या मागच्या खोलीतल्या त्या संगणकात स्वरलेखनाचा प्रोग्राम होता, पण त्याला यायची ती फक्त पाच रेघांवरची टिंबं. ती वाचणारी गावात एकटी मेलेआने. टोंगात गायचं ते इंग्रजी आकड्यांवर. सा म्हणजे तीन, रे म्हणजे चार, असं चढत नी म्हणजे नऊ. एक आणि दोन नाहीतच, आणि का नाहीत असं विचारणारा माणूस हमखास बाहेरचा असतो. गायकांचा मास्तर सेमिसी चाळीस वर्षं हे आकडे मोठाल्या कागदांवर स्वतः लिहून भिंतीला टांगत आला होता. गेल्या वर्षापासून त्याचा हात थरथरायला लागला.

आणि नेमकं याच वर्षी त्याचं स्वतःचं गीत तयार झालं. रविवारच्या मेळाव्यात पाच गावांचे गायक ते एकत्र गाणार होते. पण पाळकांनी त्याने लिहिलेला कागद जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला आणि मान हलवली. आपली माणसं निभावून नेतील, पाहुण्यांनी काय वाचायचं? आज संध्याकाळच्या तालमीला स्वच्छ प्रती दिसल्या तर सेमिसीचं गीत, नाहीतर दरवर्षीचं जुनंच.

मेलेआनेने मामाकडून चारही आवाज गाऊन घेऊन टिंबांत उतरवले होते. टिंबांचे आकडे करणारं प्लग-इन ऑकलंडच्या मावसभावाने पाठवलं होतं. तिने ते प्रोग्रामच्या फोल्डरमधल्या नेमक्या कप्प्यात टाकलं आणि यादी उघडली. यादीत नवीन काहीच नव्हतं.

“नाही आलं?”

“मामा.”

“विचारलं फक्त.”

तिने कप्पा पुन्हा उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“डब्यात डबा घातलाय शहाण्याने! फोल्डरच्या आत अजून एक फोल्डर. प्रोग्रामला आतलं दिसणार कसं?”

तिने आतल्या फाइली ओढून बाहेर काढल्या, प्रोग्राम बंद केला आणि पुन्हा सुरू केला.

“बंद करून परत चालू करायचं?” सेमिसी खुश झाला. “माझा रेडिओ अगदी असाच. त्याला वर एक चापट लागते.”

चापटेची गरज पडली नाही. या वेळी यादीत तळाशी नवं नाव आलं. मेलेआनेने ते दाबलं, आणि टिंबांच्या जागी आकड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, चार आवाजांच्या चार रांगा, ठसठशीत. सेमिसी उठून उभा राहिला. त्याला इतका आनंद झाला की न बोलायची अट विसरून तो पहिली रांग गुणगुणू लागला.

तालमीला सगळे चटयांवर मांडी घालून बसले. ताज्या प्रती हातोहात फिरल्या. सेमिसीने हात उचलला. दोन ओळी सुरेख गेल्या आणि तिसरीत काहीतरी बसकं वाटलं. खर्जवाल्यांचा म्होरक्या फोलाऊ मधेच थांबला.

“कागद चुकलाय.”

“अजिबात नाही,” मेलेआने तडकली. “मामांनी गायलं तसंच आहे.”

“इथे सहा छापलाय. आम्ही दोन महिने आठ गातोय.”

“सहाच आहे तो,” सेमिसी हळूच म्हणाला. “आठ तुमचा. पहिल्या दिवशीच ऐकला मी. म्हटलं थांबवावं, पण कानाला इतका गोड लागला की गप्प बसलो.”

“मग मला सांगताना सहा का सांगितलात?” मेलेआनेने विचारलं.

“त्यांना सुचलेलं मी माझ्या नावावर कसं घालू?”

“आम्हाला सुचलेलं?” फोलाऊ उठला आणि भिंतीवर टांगलेल्या, मास्तरांनी हाताने लिहिलेल्या कागदापाशी गेला. “मास्तर, इकडे या. दोन पोटांचा सहा कधी बघितलाय?”

सेमिसी जवळ गेला. आकड्याच्या खालच्या पोटावर दुसरं पोट फुटलं होतं, वाकडं पण चांगलं भरलेलं. त्याने त्यावरून बोट फिरवलं.

“आणि आम्ही म्हणायचो, मास्तरांचं डोकं काय चालतं!” फोलाऊ म्हणाला. बायका पदराआड हसावं तशा हातपंख्यांआड हसायला लागल्या, आणि मग कुणीच हसू आवरलं नाही.

मेलेआनेने सहाचा आठ केला आणि प्रती पुन्हा छापून आणल्या. या वेळी तिसरी ओळ अशी भरून आली की मागच्या पोराटोरांचाही गलबला थांबला. गाणं संपलं तेव्हा पाळक दारात उभे होते. त्यांनी एक प्रत उचलली, नीट वाचली.

“रविवारी हेच,” ते म्हणाले. “पण हा तिसऱ्या ओळीतला खर्ज... हा सुचला कुणाला?”

फोलाऊ चटईकडे बघत राहिला.

सेमिसीने आपला उजवा हात उचलून पाळकांसमोर धरला. तो चांगलाच थरथरत होता.

“याला,” तो म्हणाला.