डावीकडे जाणारा तीर

मी बोलतोय, मुलुंडच्या डोंगराखालच्या पाड्यातला बांबूचा तीर. मला लोखंडी टोक आहे, पण जीभ नाही. असती तर मानसीचं अख्खं वर्ष फुकट गेलं नसतं.

तिच्या आजोबांनी, अण्णांनी, मला घरामागच्या बांबूच्या बेटातून अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलं. तेव्हा तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही, असं ते म्हणतात. चुलीवरच्या माळ्यावर मी वर्षभर धूर खाल्ला. मग निवड झाली. एकेक काडी गुडघ्यावर वाकवायची, किती वाकते ते बघायचं, बोटावर तोलायची. चाळीसातून सात ठेवल्या, लेच्यापेच्या चुलीत गेल्या. मी चांगला ताठ निघालो आणि जरा शेफारलोच. अण्णांनी विस्तवावर शेकून माझा बाक काढला, पेरं तासली, मागे कोंबड्याची पिसं बांधली.

त्यांचा कामठा, म्हणजे धनुष्य, त्यांच्या बापाचा. शिकार बंद होऊन जमाना झाला. आता दरवर्षी मैदानात केळीचा खुंट उभा करून नेमबाजी होते. अण्णांनी दोरी कानापर्यंत ओढून मला सोडलं, की मी थेट खुंटात. हा कामठा नातीकडे जावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मानसी वीस वर्षांची, स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये कामाला. संध्याकाळी घरी आली की चहासुद्धा न घेता सरावाला उभी राहायची. पण तिची दोरी हनुवटीपर्यंतच यायची. तेवढ्या जोराने मी वाकायचो नाही. सुटताना तीर थोडा वाकला तरच कामठ्याच्या दांड्याला वळसा घालून सरळ निघतो. ताठ राहिला की डावीकडे पळतो. हे अण्णांपेक्षा चांगलं कुणाला ठाऊक असणार? पण सातही तीर त्यांनी स्वतःच्या ओढीला जुळवले होते. नातीचा हात वेगळा आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

"परत डावीकडे! लक्ष कुठंय तुझं?"

"बरोबर धरलाय अण्णा मी. तूच बघ ना."

"मग तीर काय खोटं बोलतो?"

हो अण्णा, मीच खोटं बोलत होतो.

गेल्या वर्षीच्या नेमबाजीत तिने पाच तीर सोडले, चार डावीकडे गेले. सगळ्या पाड्यासमोर अण्णा म्हणाले, "मोबाइल धरून धरून हात गेलाय हिचा. हिच्याच्याने नाही व्हायचं." मानसीने घरी येऊन कामठा खुंटीला टांगला. दोरी लागून तिच्या हातावर हिरवानिळा वळ उठला होता, तो तिने ओढणीने झाकला. त्यानंतर तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा अण्णा नळाजवळच्या पायऱ्यांवर घसरले आणि त्यांचा खांदा धरला. जरा बरं वाटल्यावर त्यांनी मला दोरीला लावलं. दोरी हनुवटीपर्यंतच आली. मी डावीकडे गेलो. पुन्हा लावलं, पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदा त्यांनी सोडलंच नाही. खाली बसले, मला गुडघ्यावर वाकवलं आणि किती वाकतो ते बघितलं.

"अरे देवा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून काचेच्या तुकड्याने मला तासू लागले. रोज थोडं थोडं. दुखलं, कशाला लपवू? आता कानापर्यंतच्या ओढीला मी टिकणार नाही. खांदा बरा झाला तरी अण्णांच्या कामाचा मी राहिलो नाही.

परवा मानसी कामावरून आली तेव्हा त्यांनी मला तिच्यापुढे धरलं. बराच वेळ तिने हात पुढे केला नाही. मग घेतलं आणि जुन्या सवयीने गुडघ्यावर वाकवून पाहिलं.

"हा मऊ झालाय."

"तुझ्या हाताचा केलाय. आधीचे माझ्या हाताचे होते." अण्णा जमिनीकडे बघत होते. "चूक तुझी नव्हती गं."

"आणि सगळ्यांसमोर बोललास ते?"

"रविवारी नेमबाजी आहे. तिथंच सांगतो, सगळ्यांसमोर."

"सांग आधी," ती म्हणाली आणि मला खिडकीत ठेवून आत गेली.

तेव्हापासून मी खिडकीत आहे. समोर खुंटीला कामठा आहे. माणसांनो, कुणासाठी काही घडवायला बसाल, तर आधी त्याचा हात हातात घेऊन बघा. आणि मानसी, अण्णा बोलोत की न बोलोत, मला एकदा दोरीला लाव. हनुवटीपर्यंतच ओढ गं. या वेळी मी वाकेन.