दुसरी बादली

पाणी खात्याच्या साहेबांनो, ते दोन मासे तुम्ही मारलेत. परिपत्रकावर सही करून मारलेत, आणि सही झाल्यावर चहा मागवला असेल. "मासेच ना!" असं तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल. म्हणा. पण आधी सगळं ऐका, मग म्हणा.

त्या रविवारी सकाळी नाकदादा बादलीवर वाकून पाणी हुंगत होते. नाकदादा हे त्यांना तुमच्याच खात्यानं दिलेलं नाव. जलशुद्धीकरण केंद्रात एकतीस वर्षं त्यांनी पाण्यात क्लोरिन सोडला. साहेब लोक चष्मा लावून यंत्रावरचा आकडा वाचेपर्यंत दादा दारातूनच ओरडायचे, "वाढलाय रे, कमी करा!" आणि वाढलेलाच असायचा. निवृत्त झाले तेव्हा कोणीतरी म्हणालं, दादा जातायत ते ठीक, पण नाक इथंच ठेवून जा म्हणावं.

तर त्या नाकानं त्यांनी बादली हुंगली. काही वास नाही. दुसरी बादली हुंगली. तीही साफ. दोन्ही बादल्या आदल्या दिवशी नळाखाली भरल्या होत्या आणि चोवीस तास त्यांत हवा सोडून ठेवली होती. पाणी उघडं ठेवलं, ढवळत राहिलं की क्लोरिन उडून जातो, हे दादांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मग समुद्री मीठ घातलं, विरघळू दिलं, खारटपणा मापकानं मोजला, पाणी कोमट केलं. अकरा वर्षं असंच चाललं होतं.

"काका, सगळं गाव फिल्टरचं पाणी वापरतं," माशांचा दुकानदार नेहमी डिवचायचा. "खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे आणि नळाचं पाणी घालणारे तुम्ही एकटे."

"नळाचं म्हणजे माझ्या हातचं आहे ते. तुझ्या फिल्टरनं मला शिकवू नये."

ही चार फुटी टाकी होती ताईच्या पलंगाच्या डाव्या अंगाला, हात पोहोचेल इतकी जवळ. ताई म्हणजे दादांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा दादा सहा वर्षांचे आणि ताई सतराची. तिनं लग्न केलं नाही, शिवणयंत्र घेतलं. त्या यंत्रावर भाऊ वाढला, शिकला, नोकरीला लागला. दादांनीही लग्नाचं टाळत नेलं. दोघं एकमेकांवर खेकसत एका घरात म्हातारे झाले. मग दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ताईचा उजवा हात कापडावरच पडून राहिला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा जागा होता, पण तोही ती हलवेना. व्यायामवाल्या बाई यायच्या, गोड बोलायच्या, रागवायच्या. ताई छताकडे बघायची.

"मनच उठलंय त्यांचं," बाई दारात चपला घालता घालता म्हणाल्या. "हात चांगला आहे हो. पण कशासाठी हलवायचा, तेच उरलं नाहीये."

तेव्हा दादांनी मागच्या खोलीतली टाकी पुढे आणली. आधी त्यात समुद्रातून धरून आणलेले मासे होते. ते बिचारे माणूस दिसला की दगडात घुसायचे, खायचे नाहीत, महिन्या-दीड महिन्यात संपायचे. ताईनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग दुकानदारानं ही जोडी मागवून दिली. बुटके एंजलफिश. बोटाएवढी लांबी, अंग पेटत्या निखाऱ्यासारखं, त्यावर काळे उभे पट्टे, पंखांच्या टोकांना निळी किनार.

"हे समुद्रातले नाहीत काका," तो म्हणाला. "टाकीतच जन्मले, टाकीतच वाढले. समुद्राचा स सुद्धा त्यांना माहीत नाही. माणूस दिसला की पळत नाहीत, उलट समोर येतात. माणूस म्हणजे जेवण, एवढंच शिकलेत."

खरंच तसं झालं. चौथ्या दिवशी ताईचं डावं बोट चादरीवर जरासं हललं आणि नर माशानं काचेपाशी येऊन त्या बोटाकडे टक लावली. बोट डावीकडे गेलं, मासा डावीकडे. उजवीकडे गेलं, उजवीकडे. ताईच्या घशातून एक आवाज आला. दादा स्वयंपाकघरातून धावत आले, त्यांना वाटलं हिला ठसका लागला. ती हसत होती.

नराचा तिसरा पट्टा मध्येच मोडलेला होता, खालचा भाग किंचित सरकलेला. ताई त्या जागेवर बोट दाखवायची आणि नाक मुरडायची. आयुष्यभर रेघारेघांची कापडं जुळवून शिवलेली बाई. कोणीतरी पट्टा चुकवलाय हे तिला खपत नव्हतं. आठ महिन्यांत ती पलंगावर टेकून बसायला लागली. हात उचलून काचेला लावायला लागली. आणि एका सकाळी, दीड वर्षाच्या मुक्या तोंडातून, तिनं स्पष्ट म्हटलं, "आला."

व्यायामवाल्या बाईंनी टाकीला नमस्कार केला. "माझी नोकरी घालवणार हे," म्हणाल्या.

आता त्या रविवारकडे येतो. पाणी बदलताना सांडतं म्हणून दादा पलंग आणि टाकीच्या मध्ये पडदा ओढून घ्यायचे. तसा ओढला. एक तृतीयांश पाणी उपसलं, पहिली बादली हळूहळू ओतली. हात पुसले. दहा मिनिटांनी बघतात तर मादी पंपाच्या तोंडाशी, जिथून पाणी जोरात येतं तिथं, तोंड वर करून लटकलेली. कल्ले भात्यासारखे चाललेले. नर दगडाला टेकून तिरका झालेला.

दादांनी मापकं काढली. तापमान पाहिलं, बरोबर. खारटपणा पाहिला, बरोबर. वाकून पाणी हुंगलं, वास नाही. मासा गुदमरायला लागला तर टाकीत काहीतरी सडलंय समजावं, जुनं पाणी काढावं आणि ताजं घालावं, हे अकरा वर्षांचं शिक्षण. दादांनी तेच केलं. आणखी पाणी उपसलं आणि दुसरी बादली ओतली. त्याच नळाची. त्याच शनिवारची.

पडद्याच्या पलीकडे ताई पलंगाच्या कठड्यावर बोटानं टकटक करत होती.

"आलोच ताई. पाणी बदलतोय. थांब जरा."

ती बादली ओतली नसती तर? हा प्रश्न दादा आता उठता-बसता स्वतःला विचारतात. उत्तर त्यांना ठाऊक आहे. कदाचित जगले असते. निदान नर तरी.

अर्ध्या तासात दोन्ही गेले. दादांनी ते ओंजळीत धरून स्वयंपाकघरात नेले. रंग तसाच होता, निखाऱ्याचा. पाण्याबाहेर तो जास्तच भडक दिसत होता. मग तोंड धुतलं, पडदा सारला आणि बहिणीकडे न बघता म्हणाले, "कपारीत बसलेत. नवं पाणी आहे ना, बुजलेत."

ताईनं काचेवर बोट ठेवलं आणि वाट पाहायला लागली.

तिसऱ्या दिवशी दादा जुन्या केंद्रावर गेले. त्यांच्या जागेवर आता ज्याला बसवलं होतं, तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला ऑपरेटर. त्यानं धावत खुर्ची आणली.

"दादा, बसा! काय, नाक काय म्हणतंय?"

"पाण्यात काय बदललंय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?" तो गोंधळला. "अहो, गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासून क्लोरिनमध्ये अमोनिया मिसळतोय ना आपण. वरून आदेश आलाय. पाइपलाइन लांबली, शेवटच्या घरापर्यंत औषध पोहोचत नव्हतं. आता पाण्याला धरून राहतं. वासही नाही. लोक खूश."

"उघडं ठेवलं तर उडतं?"

"छे! चार-चार दिवस उडत नाही. तोच तर फायदा."

ऑपरेटरनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला. "दादा... तुमची टाकी?"

"नोटीस लावली होती?"

"लावली की. आत. रजेच्या यादीशेजारी. आणि मोठ्या दवाखान्यांना पत्र गेलं, तिथं रक्त शुद्ध करायची यंत्रं असतात ना, त्यांना हे पाणी चालत नाही म्हणून."

"म्हणजे कोणाला तरी चालत नाही, हे ठाऊक होतं."

ऑपरेटर पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. त्याला आदेश येतात. मला त्याचा राग नाही. राग कोणाचा आहे ते पहिल्या ओळीत सांगितलंय.

दादा मुख्य कार्यालयात गेले. साहेब भले होते, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मासे? बाजारातले?"

"घरातले. पाळलेले."

"हां, शोभेचे." साहेब हसले. "काका, पिण्यासाठी पाणी एकदम सुरक्षित आहे. आम्ही माणसांना पाणी देतो, माशांना नाही. आणि तुम्ही तर आपल्याच खात्यातले! तुम्हाला माहीत असायला हवं होतं."

हे वाक्य दादांना लागलं. सुरी आत गेली आणि तिथंच मोडली, असं लागलं. कारण एकतीस वर्षं त्यांनीही लोकांना हेच तर शिकवलं होतं. शेजारच्या घरच्यांना, पोरांच्या काचेच्या बरणीतल्या माशांसाठी, हसत हसत सांगितलं होतं: एक दिवस उघडं ठेवा, काही होत नाही, खात्याचं पाणी आहे.

दुकानदार घरी आला. टाकीकडे बघून त्यानं टोपी काढली. "फिल्टरचं म्हणालो होतो," असं एकदाही म्हणाला नाही. "काका, नवी जोडी मागवू? अगदी सारखी दिसते. ताईंना कळणारही नाही."

"तिला?" दादा म्हणाले. "बाबा रे, कापड उलटं धरलेलं तिला लांबून कळतं. त्या मोडक्या पट्ट्याचा मासा तू कुठून आणणार?"

ताईनं पाच दिवस काचेवर बोट ठेवलं. सहाव्या दिवशी हात उचलला, अर्ध्यावर नेला आणि खाली घेतला. व्यायामवाल्या बाई आल्या, गोड बोलल्या, रागावल्या. ताई छताकडे बघत राहिली. दादांनी तिला भरवायला चमचा पुढे केला तेव्हा तिनं तो अडवला. त्यांच्या मनगटावर डावी मूठ घट्ट आवळली, बऱ्याच दिवसांनी एवढी घट्ट. तिनं ओठ जुळवले. वेळ लागला. मग शब्द आला.

"कुठं?"

दोन वर्षांतला तिचा दुसरा शब्द. त्यासाठी व्यायामवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या असत्या. दादांच्या हातातला चमचा चादरीवर सांडला. ज्या बहिणीनं त्यांना अन्न घातलं, तिच्या जगण्याचं एकमेव कारण त्यांनी आपल्या हातानं, दोन बादल्या भरून, संपवलं होतं. हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि खात्यानं केलं म्हणावं, तर खातं म्हणजे कोण? तिच्या लेखी खातं म्हणजे तिचा भाऊ. त्या खात्याचा पहिला गणवेश तिनंच शिवला होता.

दुसऱ्या दिवशी दादांनी अर्ज लिहिला. भरपाई मागितली नाही, मासे मागितले नाहीत. खिडकीवरच्या बाईंनी वाचून चष्मा वर केला. "काका, हे असं कसं लिहिलंय? यात मागणी काय आहे?"

"शेवटची ओळ वाचा."

त्यांनी वाचली, अर्जावर आवक शिक्का मारला आणि कागद एका गठ्ठ्यावर ठेवला. तो अजून तिथंच आहे. म्हणून दादांची ती ओळ मी इथं जशीच्या तशी लिहितो: "साहेबांनो, पाणी बदलताना ज्यांना ते सोसणार नाही त्यांची तुम्ही यादी केलीत, त्यातून आम्हाला वगळलंत. ते कोणी ठरवलं, आणि माझी बहीण 'कुठं?' म्हणून विचारते आहे, तिला मी काय सांगू? लिहून द्या. सहीनिशी द्या."