मोडेमचा राखणदार

मी स्पाइक गार्ड बोलतोय. टेबलाखालची ती पांढरी पट्टी, जिला सगळे नुसतं 'एक्स्टेंशन' म्हणतात. विजेची आणि फोनची, दोन्ही तारा माझ्यातूनच मोडेमकडे जायच्या. बाहेरून विजेचा अचानक लोंढा आला, तर तो अंगावर घेऊन जमिनीत सोडायचा, एवढंच माझं काम.

२००६ साली बापूरावांनी मला कात्रजच्या घरी आणलं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाइनमन म्हणून खांबांवर चढलेला माणूस. त्यांची सून अक्षता हिंजवडीच्या कंपनीत होती. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात बसचा प्रवास सोसेना, म्हणून कंपनीने तिला महिनाभर घरून काम करून पाहायची मुभा दिली होती. जमलं तर ठीक, नाहीतर नोकरी सोडायची.

बापूरावांनी आधी भिंतीतला पॉइंट उघडला. अर्थिंगची, म्हणजे वीज जमिनीत नेणारी, तार जोडलेलीच नव्हती. वायरमन जयसिंग म्हणाला, त्यावाचूनही सगळं चालतं.

"हेल्मेट आरशाला अडकवूनही स्कूटर चालतेच की," बापूराव म्हणाले. तार जोडून घेतली, मगच मला लावलं.

तीन आठवडे मी नुसता पडून होतो. अक्षता पाय पसरताना मला ढकलायची, सासूबाई झाडू मारायच्या.

मग ऑक्टोबरातली ती दुपार. अक्षताला चार वाजेपर्यंत काम पाठवायचं होतं. साडेतीनला जवळच वीज कोसळली. दोन्ही तारांतून एकदम काहीतरी धावत आलं. मी ते घेतलं, जमिनीत सोडलं, आणि माझ्या आत काहीतरी जळालं. शेजारच्या नागोरावांचा फोन आणि मोडेम, दोन्ही गेले. आमचा मोडेम लुकलुकत राहिला.

बापूराव गुडघे टेकून माझ्यापाशी वाकले. मी राखण करतोय हे दाखवणारा माझा हिरवा दिवा विझला होता. त्यांनी सगळ्या तारा काढल्या.

"बाबा, चालू आहे की तो!" अक्षता म्हणाली.

"वीज देतोय. पण आता वाचवणार नाही. अजून गडगडतंय."

अक्षताचे डोळे भरून आले. मग तिने मोबाइलवरून साहेबांना, अभयना, खरं काय ते सांगितलं आणि एक तास मागून घेतला. बापूराव रेनकोट चढवून नवा गार्ड आणायला गेले. पाच वाजायला दहा मिनिटं असताना काम पोचलं. आठवड्याने कंपनीचा होकार आला. त्या संध्याकाळी सासूबाईंनी शिरा केला.

रविवारी सोसायटीच्या बैठकीत बापूरावांनी मला उघडून दाखवलं. नागोरावांनी लोंढा झेलून काळी पडलेली माझी चकती हातात घेऊन पाहिली.

"आमच्या घरची तारही बघायला या," एवढंच म्हणाले.

आता मी सोसायटीच्या ऑफिसात, खिडकीत असतो. माझ्या अंगावर ऊन येतं. टेबलाखाली ते कधीच येत नव्हतं. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर एकदा वाकून त्याचा दिवा बघा. विझला असेल, तर त्याला निरोप देऊन नवा लावा. त्याने तुम्हाला न सांगता काहीतरी वाचवलेलं असतं.