ताडपत्रीचा हात

सून रात्रपाळीची नर्स होती, आणि गेले चार महिने तिची झोप एका खिडकीने खाल्ली होती.

नव्या घरात झोपायच्या खोलीतली ती खिडकी भिंतभर होती. घर घेताना सगळ्यांचा जीव जडला होता तो तिच्यावरच. पुढे समोरच्या गोदामाने छपरावर नवे पत्रे घातले, आणि सकाळी नऊच्या सुमारास त्या पत्र्यांवरून उन्हाचा असा झोत आत येऊ लागला की डोळे मिटूनही डोळ्यांत जावा. सून आठला कामावरून यायची, तोंडावर उशी घेऊन पडायची आणि अकराला उठून बसायची. एकदा तिने साखरेच्या डब्यात मीठ ओतलं. कळल्यावर हसायचं सोडून ती रडली.

आत्या हे सगळं पाहत होती. आत्या म्हणजे सुनेच्या नवऱ्याची आत्या; कामावरून निवृत्त झाली तशी भाच्याकडेच राहायला आलेली. वय सहासष्ट, बोलणं मोजकं, पंजे रुंद आणि राठ. एकतीस वर्षं तिने एका कारखान्यात ट्रकवर घालायच्या ताडपत्र्या शिवल्या होत्या. भाचा चारचौघांत सांगताना "आत्या शिवणकामात होती" एवढंच सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं, पण अर्धं गिळलेलं होतं, आणि ते आत्याच्या लक्षात येत होतं.

कोपऱ्यावरचा पडदेवाला माप घेऊन गेला आणि त्याने दोन महिन्यांची मुदत सांगितली. आत्या दुकानात जाऊन म्हणाली, तुम्ही पडद्यांचा रूळ तेवढा बसवा, पडदे मी शिवते.

"मावशी, अस्तराचे पडदे आहेत," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "आठ फूट उंची. उशांचे अभ्रे नव्हेत."

"आठ फुटांचा तर आमचा कोपरा असायचा," आत्या म्हणाली.

त्याला काही उमगलं नाही. आत्याने त्याच्याकडूनच गडद निळं जाड कापड आणि अस्तराचं पांढरं कापड घेतलं आणि ती घरी आली.

दोन दिवसांत पहिला पडदा तयार झाला. तिने जेवणाच्या टेबलावर शिलाई मशीन ठेवलं, कापडाचं ओझं सुईला ओढू नये म्हणून पलीकडे इस्त्रीचं टेबल लावलं, आणि सगळा पसारा चटईसारखा गुंडाळून हळूहळू उलगडत सुईखाली सारला. एवढं मोठं कापड पाहून भल्याभल्यांची गाळण उडते. आत्याला उलट घरी आल्यासारखं वाटलं. शिवण पट्टीने आखावी तशी सरळ आली. रूळ यायचा होता, म्हणून भाच्याने स्टुलावर चढून खिडकीवर जाड दोरी बांधली आणि तिच्यावर पडदा टांगला.

पडदा पडेचना. ना चुणी, ना झोळ. फळीसारखा ताठ, आणि खालचे दोन्ही कोपरे वर वळलेले.

"आत्या, याला कडी लावली तर दार म्हणून चालेल," भाचा बोलून गेला. सून घाईघाईने म्हणाली की उजेड अडल्याशी कारण, दिसण्याचं काय एवढं. भाच्याच्या थट्टेचं आत्याला काही वाटलं नाही. सुनेचं ते सांभाळून घेणं मात्र तिला झोंबलं.

चूक कुठे झाली ते तिला कळत होतं. ताडपत्री ताणूनच शिवायची असते. दोन थर असे जखडायचे की वाऱ्याला बोट घालायला जागा मिळू नये. हात त्यातच मुरलेला. पण न जखडता दोन कापडं एकत्र ठेवायची कशी, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कपाट लावताना भाच्याचा थंडीतला लांब कोट हाताशी आला. तिने तो उलटा केला. अस्तर खाली मोकळंच होतं. कोटापेक्षा दोन बोटं आखूड, आणि दोन्ही बाजूंना दोऱ्याच्या एकेका सैल फासाने धरलेलं. तिने कोट हलवला. वरचं कापड पुढे गेलं, अस्तर आपल्या सवडीने मागून गेलं.

"असं होय," आत्या कोटालाच म्हणाली.

मग तिने अख्खा पडदा उसवला. मदतीला बसू का, असं सुनेने विचारलं तर तिला दटावून आत पाठवलं. अस्तराचं कापड भिजवून वाळवलं, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल. या खेपेला अस्तर आखूडही कापलं आणि अरुंदही. आतल्या बाजूने हातभर अंतरावर लांब टाके घातले, बोट जाईल इतके सैल. हात मात्र हट्टी होता. तो दोरा आवळायचा, आत्या तो सोडवायची. दिवसभर दोघांचं भांडण चाललं होतं. तळाची दुमडही तिने लगेच शिवली नाही. खिडकीचे उरलेले तीन पडदेही तसेच शिवले आणि चारही टाचण्या लावून दोन दिवस त्याच दोरीवर टांगून ठेवले, कापडाला स्वतःच्या वजनाने जेवढं उतरायचं तेवढं उतरू दिलं. मग कोपऱ्यांत भाच्याच्या हत्यारांच्या पेटीतले जड वायसर चिंधीत गुंडाळून घातले आणि दुमड हाताने शिवून घेतली.

रविवारी पडदेवाला रूळ बसवायला आला. काम झाल्यावर त्यानेच पडदे अडकवले, आणि हात सोडला.

पडदा पडला. वरपासून खालपर्यंत, एकेका चुणीसकट, जमिनीला जेमतेम टेकेल न टेकेल असा. पडदेवाला खाली बसला, कोपरा उलटा केला आणि अस्तरावरून अंगठा फिरवला.

"हे कुठे शिकलात, मावशी?"

आत्या तोंड उघडणार, तेवढ्यात भाचाच म्हणाला, "एकतीस वर्षं ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्यात तिने. आठ फूट म्हणजे तिला काहीच नाही."

आत्या सुईत दोरा ओवू लागली. सुई ओवलेलीच होती.

जाताना पडदेवाल्याने विचारलं, दुकानाची मोठी कामं कराल का. आत्या म्हणाली, आधी गिऱ्हाईक झोपू दे, मग बघू.

सोमवारी सून आठला आली आणि आत गेली. अकरा वाजले, दार उघडलं नाही. एक वाजला. आत्याने कुकरसुद्धा लावला नाही, शिट्टीच्या भीतीने; भात पातेल्यातच शिजवला. भाच्याचे कामावरून दोन फोन आले, दोन्ही वेळा ती जिन्यात जाऊन कुजबुजली, "झोपलीय."

चारला सून बाहेर आली. गालावर उशीची घडी उमटलेली, केस चहूकडे.

"आत्या, रात्र झाली का? माझी ड्यूटी चुकली का?"

"चार वाजलेत. दुपारचे."

सुनेला ते पटेना. तिने घड्याळ पाहिलं, बाहेर रणरणतं ऊन पाहिलं आणि आत्याच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. मग दोन माणसांचं जेवण एकटीने जेवली.

ती जेवत असताना आत्या तिच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसली. डोळ्यांसमोर पंजा धरला. पंजा दिसला नाही. त्या मिट्ट काळोखात ती एकटीच मनमुराद हसली, इतकी की बाहेरून सुनेने विचारलं, काय झालं.

"काही नाही," आत्या आतून म्हणाली. "तू जेव."